समजलं होतं, मग गेलं कुठे? मेंदूच्या कलाने शिकवण्याचा आणि शिकण्याचा क्रम

तास छान होतो. मुलं माना डोलावतात, कुणालाच शंका नसते, "समजलं का?" म्हटल्यावर एका सुरात "हो" येतं. आठ दिवसांनी तोच प्रश्न विचारला की वर्ग चिडीचूप. शिकवणाऱ्याला वाटतं, मुलांचं लक्षच नव्हतं. मुलांना वाटतं, आपल्याला डोकंच नाही. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. चूक झालेली असते ती क्रमात.

चंद्राच्या कला हा धडा मी बरीच वर्षं चुकीच्या क्रमाने शिकवला. आकृती सुबक काढायचो, बोलणं स्वच्छ असायचं. तरी महिन्याभराने निम्म्याहून जास्त वह्यांत एकच वाक्य सापडायचं: "चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून त्याची कोर होते." हे वाक्य मी कधीच उच्चारलं नव्हतं. ते मुलांच्या डोक्यात माझ्या आधीपासून होतं आणि माझ्या तासानंतरही जिथल्या तिथे राहिलं. हाच धडा उदाहरण म्हणून पुढे सोबत ठेवतो. तुमचा विषय अपूर्णांक असो, नवी भाषा असो, की नव्या सहकाऱ्याला काम समजावून देणं असो, पायऱ्या याच आहेत.

## आधी मेंदूबद्दल एवढं पक्कं करा

आपण या क्षणी ज्या गोष्टींचा विचार करतो आहोत त्या धरून ठेवणाऱ्या स्मृतीला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. ती फार लहान आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा साताच्या आसपास सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ साली पुरावे पुन्हा तपासून ती चारच्या आसपास आणली. नव्या माणसाला नव्या विषयात एका वेळी चार गोष्टी सांभाळता येतात, पाचवी आली की आधीची एखादी निसटते. बाकीचं सगळं प्रकरण या एका अडचणीभोवती फिरतं.

दीर्घकाळची स्मृती मात्र प्रचंड मोठी आहे. ती चेतापेशींमधल्या जोडण्या बदलून तयार होते, आणि घटना व माहिती साठवण्याच्या कामात हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला छोटासा भाग मोठी भूमिका बजावतो. हे कळलं ते हेन्री मोलेसन यांच्यामुळे. अपस्मारावरचा उपाय म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग शस्त्रक्रियेने बराचसा काढला गेला, आणि त्यानंतर नवी घटना किंवा नवी माहिती त्यांच्या लक्षात राहीनाशी झाली. पण ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आदल्या दिवशी आपण हे केलं होतं याची आठवण मात्र त्यांना नसायची. माहितीची वाट वेगळी आणि हाताच्या सवयीची वाट वेगळी. आपण "कळतं पण वळत नाही" म्हणतो त्यामागे मेंदूतल्या या दोन वाटाही आहेत. पोहणं, वाद्य वाजवणं, गाडी चालवणं ही कामं सांगून येत नाहीत, ती करूनच येतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त फसवते. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. पान पुन्हा वाचलं की ते ओळखीचं वाटतं, आणि मेंदू त्या ओळखीलाच ज्ञान समजतो.

आधी हे डोक्यातून काढा. "आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो", "हा डाव्या मेंदूचा, ती उजव्या मेंदूची", "हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं" या समजुतींवर तयारीचा एक मिनिटही घालवू नका. शिकण्याच्या शैलींवरच्या संशोधनाचा हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली आढावा घेतला. शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. नकाशा सगळ्यांना दाखवावा लागतो आणि उच्चार सगळ्यांना ऐकवावा लागतो. माध्यम विषयावर ठरतं.

## टप्पा १: शेवटचा प्रश्न सगळ्यांत आधी लिहा

तयारीची सुरुवात आपण काय सांगणार यापासून करू नका. समोरच्याला महिन्याभराने, काहीही समोर नसताना, काय करता आलं पाहिजे ते एका प्रश्नात लिहा.

"चंद्राच्या कला समजून घेणे" हा प्रश्न नाही, ती नुसती इच्छा आहे. "अमावस्येनंतर साधारण सात दिवसांनी चंद्र अर्धा का दिसतो? आकृती काढून सांग." हा प्रश्न आहे. उत्तर बरोबर की चूक हे त्यावरून ठरवता येतं.

मग त्या उत्तरासाठी नेमकं काय लागतं त्याची यादी करा आणि बाकीचं कापा. कापताना हात थरथरतो, हे मला माहीत आहे. मी माझ्या तासातून भरती-ओहोटी काढली, चंद्रावरच्या मोहिमा काढल्या, गुरुत्वाकर्षण काढलं. सगळं रंजक होतं, पण त्या प्रश्नाच्या उत्तराला त्यातलं काहीच लागत नव्हतं.

आपल्याला काय कापायचं ते दिसत नाही, कारण आपल्याला विषय येतो. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली एक साधा प्रयोग केला. एकाने मनातल्या मनात गाणं म्हणत टेबलावर बोटांनी ताल धरायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या कानात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. शिकवणाऱ्याच्या डोक्यातही अशीच चाल चालू असते.

तपासणी: तुमची यादी विषय अजिबात न येणाऱ्या एका माणसाला वाचायला द्या. जिथे तो "म्हणजे?" म्हणेल तिथे एक पायरी राहून गेली आहे.

## टप्पा २: समोरच्याच्या डोक्यात आधीपासून काय आहे ते बाहेर काढा

हा टप्पा सर्वाधिक वगळला जातो आणि तो वगळल्याचं नुकसानही सर्वांत मोठं असतं. नवी माहिती मोकळ्या जागी बसत नाही, ती जुन्या माहितीला जाऊन चिकटते. जुनी माहिती चुकीची असेल तर नवीही चुकीच्या जागी चिकटते.

शिकवायला सुरुवात करण्याआधी प्रश्न टाका: "चंद्राची कोर का दिसते?" प्रत्येकाने आपापला अंदाज कागदावर लिहायचा, चर्चा न करता. दोन मिनिटं पुरतात. चुकीचं उत्तर आलं तर वेळ वाया गेला असं समजू नका. आधी अंदाज करून चुकणारा माणूस, नंतर बरोबर उत्तर मिळालं तर ते जास्त चांगलं लक्षात ठेवतो. हे प्रयोगांतून दिसलं आहे. अट एवढीच, की बरोबर उत्तर नंतर मिळालं पाहिजे.

आता लगेच "चूक" म्हणून खोडू नका. त्या अंदाजाला त्याच्याच पायांवर चालू द्या आणि तो कुठे अडतो ते समोरच्याला बघू द्या. मी विचारतो: "कोर संध्याकाळी कुठे दिसते?" कुणीतरी सांगतं, सूर्य मावळतो त्याच बाजूला. "मग सूर्य आणि चंद्र आकाशात एकाच बाजूला असताना पृथ्वीची सावली पडते कुठे?" इथे वर्ग थांबतो. सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते आणि कोर तर सूर्याच्या बाजूला आहे. सावलीचं उत्तर मुलांनी स्वतःच्या हाताने मोडलेलं असतं.

ही थबकण्याची वेळ फार मोलाची. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो आणि अंदाज चुकला की जास्त दखल घेतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचा (डोपामिन या रसायनातून संदेश देणाऱ्या पेशींचा) अभ्यास केला तेव्हा त्या पेशी अनपेक्षित बक्षिसाला जोरात प्रतिसाद देत, आणि तेच बक्षीस अपेक्षित झालं की गप्प राहत. त्या थबकण्यात घाईघाईने उत्तर ओतू नका.

सावधान: "आपल्याला मागच्या वर्षी हे झालंय, आठवतंय ना?" म्हणजे आधीचं ज्ञान बाहेर काढणं नव्हे. त्याला फक्त "हो" मिळतं.

## टप्पा ३: ओझं मोजून द्या

चंद्राच्या आकृतीत एकाच वेळी काय काय सांभाळावं लागतं ते मोजून बघा. सूर्याची दिशा. चंद्राची जागा. चंद्राचा उजळलेला अर्धा भाग. चंद्राचा आपल्याकडे असलेला अर्धा भाग. चार झाले, म्हणजे हात भरले. त्यावर "शुक्ल पक्ष", "कृष्ण पक्ष" ही नावं, वर पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, वर शिक्षकाचं अखंड बोलणं. यातलं निम्मं सांडणारच.

मी आता असं करतो. खोलीत अंधार, साधारण डोक्याच्या उंचीवर एकच दिवा. प्रत्येकाच्या हातात काठीला खोचलेला पांढरा चेंडू. पहिला प्रश्न एकच: "चेंडूचा किती भाग उजळला आहे?" चेंडू वर करा, खाली करा, लांब न्या, कायम अर्धाच. एवढंच, आणि इथे थांबायचं. हे पक्कं झालं की ते चारातलं एक ओझं राहत नाही, ते गृहीत होतं.

दुसरी फेरी: चेंडू हात लांब करून, डोक्यापेक्षा किंचित वर धरायचा. दिव्याकडे तोंड करून सुरुवात, मग हळूहळू डावीकडे वळत जायचं. "उजळलेल्या अर्ध्यातला तुला किती दिसतोय?" दिव्याकडे तोंड असताना काहीच नाही. थोडं वळल्यावर उजव्या कडेला बारीक कोर. पाव फेरीला उजवी अर्धी बाजू. दिव्याकडे पाठ झाली की पूर्ण गोल. कुणाचा चेंडू चुकून डोक्याच्या सावलीत गेला तर तो काळवंडतो, तेव्हा सांगायचं, "हे ग्रहण." सावली कधी पडते आणि कधी नाही हा फरक इथे हातानेच कळतो. दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, याचं उत्तरही त्याच हातात असतं: चंद्राची कक्षा साधारण ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

नावं सगळ्यांत शेवटी. आधी अनुभव, मग नाव. उलट केलं की मूल नाव पाठ करतं आणि विषय आला असं समजतं.

जाणकाराला इतकं सावकाश जाणं कंटाळवाणं वाटतं, कारण त्याच्याकडे अनेक गोष्टींचा मिळून एकच गठ्ठा झालेला असतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवर प्रयोग केले. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर मुरलेला खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी मांडायचा. सोंगट्या वाटेल तशा पसरल्या तर त्याची आघाडी बहुतांशी संपायची. त्याची स्मरणशक्ती थोर नव्हती, त्याचे गठ्ठे तयार होते. तुमच्या विद्यार्थ्याचे अजून व्हायचे आहेत.

सावधान: पडद्यावर लांब वाक्यं टाकून तीच वाचून दाखवू नका. वाचणं आणि ऐकणं दोन्ही भाषेच्या एकाच वाटेने जातात आणि एकमेकांना अडवतात. पडद्यावर चित्र, तोंडात शब्द ही जोडी चालते. चित्रातली नावं बाजूच्या सूचीत न ठेवता त्या त्या भागाला खेटून लिहा. डोळ्यांची ये-जासुद्धा ओझंच असते.

## टप्पा ४: लक्ष आणि धास्ती

यावर थोडक्यात. भाषेची दोन कामं मेंदू एकाच वेळी करत नाही, तो एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत काहीतरी सांडतं. फोन उलटा ठेवून भागत नाही, नजरेआड ठेवा.

धास्ती हा दुसरा चोर. माणूस घाबरला की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोक्याची दखल घेणारा छोटा भाग, जागा होतो, ताणाची संप्रेरकं वाढतात आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, ज्याच्या भरवशावर आपण विचार जुळवतो, तो नीट काम करेनासा होतो. फळ्यापाशी उभं केल्यावर येत असलेलंही आठवत नाही ते यामुळे. म्हणून चुकलेल्या उत्तराला "चूक" म्हणा, मुलाला नको. "या उत्तरात एक पायरी गळली आहे, कुठली ते शोधू" एवढं बोलायला तीन सेकंद लागतात.

## टप्पा ५: पूर्ण सोडवून दाखवा, मग एकेक पायरी काढून घ्या

"स्वतः शोधू दे" हा सल्ला अगदी नवख्याला महागात पडतो. जॉन स्वेलर यांच्या १९८० च्या दशकातल्या कामातून हे पुढे आलं: नवखा माणूस उत्तर शोधण्याच्या धडपडीतच कार्यकारी स्मृती खर्च करून बसतो, रीत शिकायला काही उरतच नाही. त्याच्यासाठी सोडवलेलं उदाहरण जास्त उपयोगी.

दोन उदाहरणं पूर्ण सोडवून दाखवा, प्रत्येक पायरीला "असं का केलं" हे बोलत. तिसऱ्यात शेवटची पायरी त्याच्यावर सोडा. चौथ्यात शेवटच्या दोन. मग पूर्ण उदाहरण त्याचं. विषय बऱ्यापैकी येणाऱ्याला मात्र उलट चालतं. त्याला सोडवलेलं पुन्हा दाखवलं की तेच ओझं होतं, त्याला थेट प्रश्न द्या.

## टप्पा ६: पुस्तक मिटा आणि बाहेर काढायला लावा

हा मुख्य टप्पा. तासाला वेळ कमी पडला तर बाकी काहीही कमी करा, हा नको.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

पाच मिनिटांनंतरचे आकडे पुन्हा बघा. तास संपताना घेतलेली चाचणी, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं वाचन, प्रशिक्षणाच्या शेवटी भरून घेतलेला अभिप्राय, हे सगळं पाचव्या मिनिटालाच मोजतं. चुकीची रीत तिथे जिंकताना दिसते, आणि म्हणून ती सुटत नाही.

करायचं असं:

१. वह्या, पुस्तकं, पडदा, सगळं बंद. समोर कोरा कागद.
२. "आता जे आठवतंय ते लिहा, आकृतीसकट." तीन ते पाच मिनिटं. तुम्ही गप्प राहायचं.
३. मग पुस्तक उघडायचं आणि गळलेलं वेगळ्या रंगाने भरायचं. तो वेगळा रंग म्हणजे उद्याचा अभ्यास.
४. चुकीचं लिहिलेलं त्याच दिवशी दुरुस्त करायचं. न सुधारलेली चूकही आठवण्याने घट्ट होते.

तोंडी प्रश्न विचारताना आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीच्यांचे मेंदू सुटीवर जातात. आणि थांबणं खरंच थांबणं असू द्या. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी न बोलणारी मुलं बोलतात. तीन सेकंद बोलायला सोपे, गप्प राहायला फार मोठे. मी मनात आकडे मोजतो.

तपासणी: "समजलं का?" हा प्रश्न एक दिवस पूर्ण बंद करून बघा. त्याच्या जागी: "शेजारच्याला तुझ्या शब्दांत सांग", "इथे चंद्र असेल तर कसा दिसेल, हवेत बोटाने काढ".

सावधान: मुलं कुरकुरतील. आठवताना डोकं दुखतं, वाचताना दुखत नाही. ही कुरकुर रीत चुकल्याची खूण नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि या लिहिण्याला गुण देऊ नका, नाहीतर टप्पा ४ मधली धास्ती परत येते.

## टप्पा ७: थोडं विसरू द्या, मग परत या

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरं पाठ करून किती वेळाने किती उरतं ते त्यांनी मोजलं. विसरणं सुरुवातीला भराभर होतं, मग मंदावतं. विसरायला लागलेलं पुन्हा आठवून काढलं की पुढच्या वेळी ते जास्त टिकतं. म्हणून उजळणी लगेच करण्यात अर्थ थोडा, आणि पार विसरल्यावर करण्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माझं साधं वेळापत्रक: दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्याने. प्रत्येक वेळी पाच मिनिटं, आणि प्रत्येक वेळी टप्पा ६ च्या रीतीने. पान वाचून काढलं तर ती उजळणी धरू नका.

अॅलन बॅडली आणि सहकारी लाँगमन यांनी १९७८ साली ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांच्या टंकलेखन प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज एकच तास सराव करणारे, रोज चार तास करणाऱ्यांपेक्षा एकूण कमी तासांत शिकले. दिवस अर्थात जास्त लागले, आणि समाधान सर्वांत कमी त्यांनाच होतं, कारण आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत राहिलं. विद्यार्थ्यालाही असंच वाटणार. म्हणून वेळापत्रक त्याच्या मनावर सोडू नका, आधी लिहून भिंतीवर लावा.

दोन उजळण्यांमध्ये झोप असू द्या. झोपेत मेंदू दिवसभराची आठवण पक्की करण्याचं काम करत असतो. रात्र जागून केलेला अभ्यास सकाळच्या पेपरापुरता पुरेल, पुढच्या सत्रात तो सापडणार नाही.

## टप्पा ८: प्रश्न मिसळून विचारा

एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवताना मुलाला रीत निवडावीच लागत नाही. परीक्षेत आणि आयुष्यात अडतं ते निवडण्यापाशीच. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली घनफळाची गणितं दोन तऱ्हांनी करून घेतली. सरावाच्या वेळी एकेक प्रकार ओळीने करणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्याने आकडे होते २० आणि ६३.

चंद्राच्या धड्यात मी कला, ग्रहणं आणि ऋतू यांचे प्रश्न मिसळतो. तिन्हींत सूर्य आणि पृथ्वी आहेत, म्हणून तिन्हींचा गोंधळ होतो. तो सरावातच झालेला बरा. पण एकेक प्रकार किमान एकदा नीट समजल्याशिवाय मिसळू नका, ते टप्पा ३ च्या विरुद्ध जाईल.

## शिक्षक समोर नसेल तेव्हा

एकट्याने शिकणाऱ्याला टप्पे हेच, फक्त विचारणारा तोच. रंगीत पेनाने ओळी रंगवणं सोडा. परिच्छेद वाचून झाला की समासात त्याचा प्रश्न लिहा, उत्तर लिहू नका. दुसऱ्या दिवशी पान झाकून फक्त समास बघायचा. उत्तर मोठ्याने बोला, कारण मनातल्या मनात अर्धवट वाक्यही पूर्ण वाटतं.

## वर्गाबाहेर बोलताना

घरात, कामावर, दवाखान्यात सूचना देतानाही गफलत हीच होते: सहा गोष्टी एका दमात आणि शेवटी "लक्षात आलं ना?" त्याऐवजी तीनच सांगा. आकडे, तारखा, मात्रा तोंडी ठेवू नका, लिहून द्या. मग म्हणा, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. तुम्ही घरी गेल्यावर काय काय करणार ते सांगाल?" शब्द असेच ठेवा. परीक्षा तुमच्या सांगण्याची आहे, त्यांच्या डोक्याची नाही, हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. रुग्णांशी बोलताना ही रीत जगभर शिकवली जाते. गळलेली गोष्ट तिथल्या तिथे सापडते.

समोरचा रागात किंवा रडवेला असेल तर युक्तिवाद थांबवा. टप्पा ४ तिथेही लागू आहे. आधी त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत सांगा, श्वास खाली बसू द्या, मुद्दा नंतर.

## टप्पा ९: महिन्याने, नव्या रूपातला प्रश्न

टप्पा १ मध्ये लिहिलेला प्रश्न आता बाहेर काढा आणि न सांगता विचारा. तो आला तर लगेच दुसरा, कधीच न विचारलेला. माझा असा: "अमावस्येच्या दिवशी तू चंद्रावर, आपल्याकडच्या बाजूला उभा आहेस. तिथून पृथ्वी कशी दिसेल?"

पाठ केलेली आकृती इथे चालत नाही. गेल्या वेळी एका मुलीने उत्तर दिलं नाही, उठून दिव्याचं बटण दाबलं. चेंडू हातात घेतला, दिवा आणि आपलं डोकं यांच्या मध्ये धरला, आणि मग चेंडूच्या जागेवरून आपल्या चेहऱ्याकडे बघितल्यासारखी मान तिरकी केली. बराच वेळ गप्प होती. मी आकडे मोजत होतो, अकरापर्यंत गेलो. मग ती म्हणाली, "माझ्या चेहऱ्यावर सगळा उजेड आहे. म्हणजे तिथून पृथ्वीची पौर्णिमा दिसेल."